सहाव्या डावानंतर

लाइलने बोटाला लागलेली मोहरी कागदी रुमालाला पुसली, चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत ओढला आणि मांडीवरच्या पुठ्ठ्याच्या रिकाम्या ट्रेकडे एखादा अर्ज वाचावा तसं पाहिलं.

"हं, मिस पासेक. बसा. यायला त्रास नाही ना झाला?"

"बसलेलीच आहे की मी," नोरीन म्हणाली.

"हे असलं उत्तर दिलंस की तिथेच संपलं सगळं. परत. यायला त्रास नाही ना झाला?"

"नाही, अजिबात नाही. तुम्ही वेळ दिलात, आभारी आहे."

"शाबास. आणि हात कुठे आहेत तुझे?"

हात बॅगेच्या पट्ट्याशी चाळा करत होते. नोरीनने ते मांडीवर ठेवले. मांडीवर बहिणीचा गडद निळा स्कर्ट होता, कमरेला एका बाजूने पिन लावून आवळलेला. त्याच्यावर काही सांडू नये म्हणून बर्नीने तिला आल्या आल्या दोन रुमाल पसरून दिले होते आणि वर दम भरला होता, की आज शेंगदाणे नाहीत, मोहरी नाही, काही नाही, उपाशी राहा.

बेसबॉलच्या मैदानात तिसऱ्या बेसच्या वरची ही रांग. बुधवारी भरदुपारी सामना असला की अर्धं मैदान रिकामं असतं, पण या चार खुर्च्या कधी रिकाम्या राहत नाहीत. कडेला लाइल, कारण त्याला पाय लांब करायला वाट लागते. मग बर्नी, जिने सबंध आयुष्य शाळेची बस चालवली आणि निवृत्तीनंतरही जिला मागे कोण दंगा करतंय ते न वळता कळतं. मग नोरीन. आणि आत ड्वाइट, ज्याचं टायरचं दुकान दर बुधवारी दुपारी 'अपरिहार्य कारणाने' बंद असतं. मॅरिसन गावाचा हा संघ मोठ्या साखळीतला नव्हे. इथली पोरं दोनतीन वर्षं खेळतात आणि मग वर जातात किंवा घरी जातात. पण या चौघांना त्याच्याशी काय करायचं होतं! बगळ्याचं चित्र असलेली टोपी डोक्यावर चढली की ती सप्टेंबरपर्यंत उतरत नसे.

लाइलने तीस वर्षं स्टोव्हच्या कारखान्यात माणसं भरती केली. कारखाना केव्हाच बंद पडला, त्याच्या जागी आता गवत आहे; पण लाइलचं टेबल तेवढं या रांगेत आलं. ड्वाइटच्या मेव्हण्याने नोकरी सोडावी की नाही, बर्नीच्या नातीने कुठला अभ्यासक्रम घ्यावा, पगारवाढ मागायला सोमवार बरा की गुरुवार, सगळं इथे ठरायचं, दोन डावांच्या मधल्या वेळात.

आज नोरीनची पाळी होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला डोळ्यांचा एक दवाखाना होता. तिथे समोरच्या टेबलावर बसून रुग्णांच्या वेळा लावून द्यायचं काम. आठ ते चार. दिवसाउजेडी. मुलाखत तीन वाजता, मिसेस ऑस्ट्रँडर नावाच्या बाईंपुढे. ती घरी बसून नखं खात राहिली असती, म्हणून लाइलनेच फर्मान काढलं होतं, 'इथे ये. सहाव्या डावापर्यंत बस, आम्ही तुला घासूनपुसून तयार करतो. सव्वादोनची बस फ्रंट रस्त्यावरच थांबते.'

"पुढचा प्रश्न," लाइल म्हणाला. "रात्रपाळी का सोडायची आहे तुम्हाला?"

"माझी मुलगी पाच वर्षांची आहे आणि–"

"थांब." लाइलने तळहात वर केला. मैदानावरच्या पंचानेही नेमका तेव्हाच तसाच हात वर केला, आणि ड्वाइट खिंकाळला. "मुलीचं नाव काढायचं नाही. माणसं हळहळतात, पाणी विचारतात आणि दुसऱ्याला घेतात. मी स्वतः घेतलंय दुसऱ्याला. तू म्हणायचं, मला नवं शिकायचं आहे. लोकांशी बोलायला आवडतं."

"मी तर मुलंवालीच घेईन," ड्वाइट म्हणाला. "सोडून जात नाहीत."

"तुझ्याकडे येतंच कोण, म्हणजे सोडून जाईल?" बर्नीने सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कपात थुंकली. "आणि पोरीला ती नोकरी मिळाली की बुधवारी इथे कोण बसणार, ते बोला. या बाजूने तू आणि त्या बाजूने हा. माझं कसं व्हायचं?"

"रविवारी येईन की," नोरीन म्हणाली.

"रविवारी काय, कुणीही येतं."

नोरीन हसली आणि हसताहसता पुन्हा पट्ट्याशी खेळू लागली. मुलीचं नाव काढायचं नाही, हे तिने मनात दोनदा घोकलं. जोझीचा पुढचा दात गेल्या महिन्यात पडला. शेजारच्या मिसेस हॅलोरनकडे पडला, कारण रात्री जोझी तिथेच झोपते. दात उशीखाली ठेवला की परी येऊन तिथे नाणं ठेवते. पहाटे पाव-कारखान्यातून, केसांत पीठ घेऊन नोरीन तिला न्यायला गेली, तोवर परी येऊन गेली होती. "बघ आई," जोझी दाताच्या खिंडारातून हवा फुंकत म्हणाली होती, "परीला माझं घर बरोब्बर माहीत होतं." नोरीनने मिसेस हॅलोरनचे आभार मानले होते. बाई भलीच होती. तिने काय वाईट केलं होतं?

"लोकांशी बोलायला आवडतं," ती म्हणाली.

"आवाज जरा वर. भाजी परत करायला आल्यासारखं नको."

"लोकांशी बोलायला मला आवडतं!"

"आम्हालाही आवडतं, बाई," मागच्या कुणीतरी म्हटलं आणि तीन रांगा हसल्या.

चौथा डाव असाच गेला. मैदानावर वेंट्झ नावाचा लांबुडका पोरगा चेंडू टाकत होता. मे महिन्यात याच पोराने एका डावात इतका मार खाल्ला होता, की ड्वाइटने त्याला उभ्या उभ्या टायर बदलायची नोकरी देऊ केली होती. आज मात्र त्याचा चेंडू फलंदाजाच्या पुढ्यात येऊन पायरी उतरल्यासारखा खाली जात होता. लाइलने विचारलं, तुमचा एखादा दोष सांगा. नोरीन म्हणाली, मला नाही म्हणता येत नाही. लाइल म्हणाला, हा दोष नव्हे, हे मालकाला आमंत्रण आहे, दुसरा सांग. ड्वाइटने सुचवलं, हिला वाईट संगत आहे म्हणून सांगू दे. बर्नी म्हणाली, ते तोंडाकडे बघूनच कळतं.

पाचव्या डावात लाइलने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे–"

आणि थांबला.

नोरीन वाट बघत राहिली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तो धावफलकाकडे बघत होता. तिनेही पाहिलं. पाहुण्यांच्या ओळीत शून्य, शून्य, शून्य, शून्य. आणि शेवटच्या चौकटीत, जिथे हिटा मोजतात, तिथेही शून्य. अजून एकाही फलंदाजाचा फटका त्याला बेसवर घेऊन गेला नव्हता. बर्नीचा बियांचा हात पुडीत तसाच राहिला होता.

कुणी काही बोललं नाही. बोलायचं नसतंच. नऊच्या नऊ डाव समोरच्यांना एकही हिट न देणं ही गोष्ट कधी काळी एखाद्याला साधते. या मैदानावर तर लाइल तरुण असताना एकदाच साधली होती, आणि त्या दिवशी तो दाढ काढायला गेला होता. ती घडू लागली की तिचं नाव घ्यायचं नाही. चेंडू टाकणाऱ्या पिचरशी बोलायचं नाही. बाकावर तो एकटा बसतो, सोबती दोन हात लांब सरकतात. आणि वर बसलेल्यांनी, सगळ्यात मुख्य, ज्याने जिथे जसं बसायला सुरुवात केली तिथून तसंच राहायचं. हलायचं नाही. दोन उन्हाळ्यांपूर्वी असाच रंग भरला असताना ड्वाइट आठव्या डावात बिअर आणायला उठला होता. तो पायऱ्यांवर पोचतो न पोचतो तोच चेंडू भिरभिरत उजव्या कोपऱ्यात पडला. तेव्हापासून तो पांढऱ्या पायाचा ठरला. दंड म्हणून सगळ्यांचे शेंगदाणे अजून तोच आणत होता, आणि चेष्टा कधी संपली आणि खरं कधी सुरू झालं हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पाच वर्षांनी," नोरीनने हळूच आठवण केली.

लाइलने मान हलवली. नको, आत्ता नको.

सहावा डाव पटकन संपला. पहिला फलंदाज झेलबाद, दुसऱ्याचा चेंडू सरळ पहिल्या बेसवरच्या खेळाडूच्या हातात, तिसऱ्याने तीनदा हवा कापली. मग आपल्यांनी फलंदाजी केली, एक धाव काढली. तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. फलकावरच्या घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. नोरीनने मांडीवरचे रुमाल घडी करून खिशात घातले आणि बॅग खांद्याला लावली.

"कुठे?" बर्नीने ओठ न हलवता विचारलं.

"बस."

बर्नीने लाइलकडे पाहिलं. ड्वाइट समोर बघत होता. त्याचे कान लाल झाले होते. पुढच्या रांगेतल्या दोन म्हाताऱ्यांनी मागे वळून पाहिलं आणि पुन्हा मान फिरवली. रांगेतून बाहेर पडायची वाट एकच होती, लाइलच्या गुडघ्यांवरून.

नोरीन त्याच्याकडे बघत राहिली. आठवडाभर यानेच बजावलं होतं, पंधरा मिनिटं आधी पोच. उशिरा येणाऱ्याशी मी कधी हातसुद्धा मिळवला नाही. तो गुडघे हलवतो का, एवढंच तिला बघायचं होतं.

लाइलने चष्मा वर सरकवला. "बसने कशाला धक्के खात जातेस," तो म्हणाला, मैदानावरची नजर न काढता. "ड्वाइट सोडेल गाडीने. दहा मिनिटांचा रस्ता. हे आता काय, अर्ध्या तासात उरकतंय."

"हो, हो. दाराशीच लावलीये मी," ड्वाइट घाईघाईने म्हणाला. "पाच मिनिटांत सोडतो."

"नक्की?"

"अगं, आईशपथ."

नोरीन बसली. बॅग तशीच खांद्याला. डाव्या बाजूच्या भिंतीपलीकडे फ्रंट रस्ता दिसत असे. थोड्या वेळाने तिथून बसचं निळं छप्पर सरकत गेलं, थांब्यापाशी क्षणभर रेंगाळलं आणि पुढे झालं.

सातवा डाव लांबला. पाहुण्यांनी त्यांचा पिचर बदलला, मग आणखी एक बदलला. प्रत्येक नवा गडी आठ-दहा चेंडू टाकून हात मोकळा करून घेई, आणि लाउडस्पीकरवर कुठलीशी गाद्यांची जाहिरात वाजे. एरवी या जाहिरातीवर ड्वाइटचं एक ठरलेलं वाक्य होतं. आज त्याने ते टाकलं नाही. उन्हाळी शिबिराची पोरं पिवळे बनियन घालून आली होती, तीसुद्धा कुणीतरी दटावल्यासारखी गप्प होती. नोरीनने फलकाच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि दर चेंडूनंतर बघितलं.

आठव्यात वेंट्झने पहिल्याच फलंदाजाला चार वाईट चेंडू टाकून फुकटात बेस दिला. हिट नव्हे, ते मोजत नाहीत. पण आपला प्रशिक्षक पंचाशी वाद घालायला बाहेर आला आणि हातवारे करत उभाच राहिला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक माणूस उठला. बाहेरगावचा असावा, डोक्यावर टोपी भलत्याच संघाची होती. लोकांचे पाय तुडवत, 'माफ करा, माफ करा' करत तो बाहेर पडला. बर्नीच्या घशातून सापासारखा आवाज निघाला. त्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाने टोपी काढून छातीशी धरली. ड्वाइटने डोळे मिटले.

चेंडू पडला. फलंदाज बाद. फुकट बेसवर आलेला जिथल्या तिथे.

मग तो माणूस परत आला. हातात चीज घातलेल्या चिप्सचा ट्रे आणि बिअर. आणि परत येताना चुकीच्या रांगेत शिरला, बाहेर पडला, मधोमध उभा राहून आपली खुर्ची शोधू लागला, "बसा हो!" म्हणून चार बाजूंनी ओरडा झाला तरी तो हसत उभाच. त्याच्या पाठीआड आणखी एक चेंडू पडला. फलंदाजाने तो उंच उडवला, आणि तो येऊन अलगद झेलात विसावला. काहीएक बिघडलं नाही.

नोरीन त्या माणसाच्या पाठीकडे बघत राहिली. तो बसला, चिप्स खाऊ लागला, बोट चाटलं. एवढा सगळा उठला, गेला, आला, आणि चेंडूला त्याची गंधवार्ता नव्हती.

घड्याळात पावणेतीन झाले होते. दारात टॅक्स्या असतात. आत्ता निघालं तर धापा टाकत का होईना, पोचता येईल. ती उठली. पुरती नाही, खुर्चीच्या कडेपर्यंत.

बर्नीने तिचं मनगट धरलं. जोरात नाही. तिच्या बोटांवर बियांचं मीठ होतं.

"चार गडी राहिलेत गं," ती कुजबुजली.

मनगट सोडवून घेणं अवघड नव्हतं. बर्नीचा हात म्हातारा होता. नोरीन तशीच, अर्धी उभी अर्धी बसलेली, खाली मैदानाकडे बघत होती. बाकाच्या टोकाला वेंट्झचा पाण्याचा पेला होता आणि त्याच्या आजूबाजूला कुणीही नव्हतं. मधल्या उंचवट्यावर तो लांबुडका पोरगा बाहीने तोंड पुसत होता. कारखान्यात रात्रभर पट्ट्यावरून पाव येत राहतात. ती दोन मिनिटं पाणी प्यायला गेली, तर शेजारची बाई तिचेही पाव पिशव्यांत भरते. आजारी पडली तर दुसरी कुणी उभी राहते. पट्टा थांबत नाही. जोझीसुद्धा रात्री झोपून जाते. परीसुद्धा येऊन जाते. आणि इथे एक म्हातारी तिचं मनगट धरून सांगत होती, की तू उठलीस तर सगळं मोडेल.

ती मागे सरकून बसली. खांद्याची बॅग काढून पायांशी ठेवली आणि हात मांडीवर, एकावर एक ठेवले.

नववा डाव सुरू झाला तेव्हा सगळं मैदान उभं राहिलं. हे चौघं तेवढे बसून राहिले, कारण आतापर्यंत ते बसलेले होते. समोरच्या पाठींच्या फटींतून जेवढं दिसेल तेवढं बघायचं. पहिला बाद. टाळ्यांनी खुर्च्यांचा पत्रा थरथरला. दुसऱ्याने इतके चेंडू बाजूला टोलवले की तो बाद होईस्तोवर नोरीनच्या तळहातांवर नखं उमटली. तिसऱ्याने पहिलाच चेंडू मारला आणि तो उंच, फार उंच गेला. उजव्या बाजूचा खेळाडू मागे पळत सुटला, मागे, मागे, भिंतीला पाठ लागेपर्यंत. नोरीनला चेंडू दिसलाच नाही. तिने लाइलचं तोंड बघितलं, आणि त्याचं तोंड उघडलं तेव्हा तिला कळलं.

मग काही ऐकू येईना. खाली सगळी पोरं वेंट्झच्या अंगावर पडली होती. ड्वाइट खुर्च्यांवरून उड्या मारत कठड्याकडे धावला. पिवळ्या बनियनवाल्या पोरांबरोबर तोही खाली वाकून किंचाळत होता. बर्नीने नोरीनचे दोन्ही गाल धरून कपाळाचा मुका घेतला, खारट. लाइल रडत होता. लाज न बाळगता, चष्मा न काढता.

"बघितलंस ना?" तो तिला म्हणत होता. "बघितलंस ना, पोरी? आपण होतो. आपण इथे होतो."

"हो," नोरीन म्हणाली. ती हसत होती. गाल दुखेपर्यंत हसत होती. तिने फलकाकडे पाहिलं. पाहुण्यांच्या ओळीतलं शेवटचं शून्य आता कुणी बदलणार नव्हतं. त्याच्या वर घड्याळात तीन वाजून बारा मिनिटं झाली होती.

लाइलच्या ते थोड्या वेळाने ध्यानात आलं. रुमालाने नाक शिंकरताना त्याचा हात मध्येच थांबला.

"अगं, तुझं..."

"हो."

"ड्वाइट कुठाय? ड्वाइट!"

ड्वाइट खाली होता. एका खेळाडूने वर फेकलेली टोपी त्याने मिळवली होती आणि ती तो सगळ्यांना उंच धरून दाखवत होता. दाराशी लावलेल्या गाडीपुढे आता हजार माणसं असणार.

"हरकत नाही," लाइल म्हणाला. त्याच्या आवाजात टेबलामागचा लाइल परत आला होता. "फोन लाव. लगेच लाव, त्यांचा येण्याआधी. आणि खरं सांग. थापा मारायच्या नाहीत, थापा ऐकूनऐकून कान किटलेले असतात आमचे. सरळ सांग, मैदानावर होते, आणि असं असं झालं. तीस वर्षांत उशिराची एकच सबब मी मान्य केली असती, ती ही. या गावातलं कुणीही करेल."

नोरीनने फोन लावला. एका कानावर हात दाबून ती खुर्चीखाली वाकली, जोझी लपाछपीत वाकते तशी. मिसेस ऑस्ट्रँडरचा आवाज गोड होता. मागे कुठेतरी पंखा फिरत होता.

"मी नोरीन पासेक बोलतेय. तीन वाजता माझी... मला यायला जमलं नाही. माफ करा. मी अजूनही येऊ शकते, अर्ध्या तासात–"

"काही अपघात वगैरे नाही ना झाला?" बाईंनी विचारलं. "फार गोंगाट ऐकू येतोय."

"नाही. मी सामन्याला होते. मैदानावर."

"कसल्या सामन्याला?"

"बेसबॉलच्या. आपल्या." तिने श्वास घेतला. "आज त्यांना एकही हिट मिळाली नाही. पूर्ण नऊ डाव. एकसुद्धा नाही."

बाईंना काहीतरी चांगलं बोलायचं होतं, हे कळत होतं.

"एकही नाही?" त्या म्हणाल्या. "अगं बाई! म्हणजे हरलेच की बिचारे."

नोरीनच्या डोळ्यांसमोर खुर्चीखालची जमीन होती. बर्नीच्या बियांची टरफलं, सांडलेल्या बिअरचा ओघळ, आणि बहिणीच्या स्कर्टच्या कडेला लागलेला मोहरीचा एक ठिपका. तो कधी लागला कोण जाणे.

"हो," ती म्हणाली.

त्यानंतर बाई आणखी काही बोलल्या. नोरीन ऐकत राहिली, दोनदा 'समजलं' म्हणाली, एकदा 'आभारी आहे' म्हणाली, वर मान करून, स्पष्ट, शिकवलं होतं तसं. मग फोन बॅगेत ठेवून सरळ बसली.

"काय म्हणाली?" लाइलने विचारलं.

"अभिनंदन म्हणाली."

"बघ!" त्याने बर्नीच्या गुडघ्यावर थाप मारली. "मी काय म्हणत होतो? माणूस खरं बोललं की समोरच्याला कळतं. आणि मग? आज ये म्हणाली की उद्या?"

"कळवू म्हणाली."

लाइल अजून हसत होता. हसू ओठांवर तसंच होतं, पण डोळे त्यातून हळूहळू निघून गेले. तीस वर्षं दारापर्यंत जाऊन, हात हातात घेऊन, एकेकाच्या तोंडाकडे बघून हे वाक्य त्याने स्वतः म्हटलं होतं. त्या वाक्यानंतर कुणाला कधी काय कळवलं होतं, ते त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्याने चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसत बसला. खाली वेंट्झला खांद्यावर घेऊन पोरं फिरवत होती आणि लोकांचा ओरडा पुन्हा चढला होता.

"कळवतील हं," लाइल म्हणाला. पुसून झालेला चष्मा त्याने पुन्हा पुसायला घेतला. "कळवतील."